उजव्या अंगाची उशी

"उशी तेवढी काढून टाका, बाकी दस्ता झकास आहे," असं म्हणत दुकानदारानं फडक्यात गुंडाळलेलं लाकूड तिच्या टेबलावर ठेवलं आणि पुढे गिऱ्हाईक आलं म्हणून लगबगीनं निघूनही गेला. फडकं सोडायच्या आधीच तिच्या हाताला कळलं. कापडावरून तळवा फिरला आणि चुकीच्या अंगाला फुगवटा लागला. चुकीच्या म्हणजे उजव्या. तिनं हात मागे घेतला, आणि कुणी बघत नसतानाही माणूस जसा उगीच कामात असल्यासारखं करतो, तशी ती नळाशी जाऊन ब्रश धुऊ लागली. ब्रश धुतलेलेच होते.

पुढे बंदुकांचं दुकान आणि मागे ही तिची खोली, एका खिडकीची, आणि त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे, तीही अर्धीच. दुकानात सगळे तिला पॉलिशबाई म्हणत. हा शब्द तिला कधी मानवला नाही. पॉलिश बुटाला करतात. लाकडाला रंग लावायचा नसतो, लाकडातून काढायचा असतो, असं बाबा म्हणत, आणि बाबांच्या म्हणण्यांपैकी जी थोडी पुढे खरी निघाली त्यातलं हे एक. नळी, चाप, खटका ही लोखंडी मंडळी दुकानदाराच्या तिजोरीत राहत. तिच्या वाट्याला यायचं ते नुसतं लाकूड, खांद्याला लावायचा तो दस्ता. जन्म बंदुकांच्या संगतीत गेला, पण बार उडालेला तिनं जवळून कधी ऐकला नव्हता. दस्त्यावर गाल टेकायला जो फुगवटा ठेवतात त्याला बाबा उशी म्हणत. उजव्या हाताचा माणूस नेम धरताना गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, म्हणून उशी डावीकडे; डावखुऱ्याची उजवीकडे. उजव्या अंगाला उशी असलेला दस्ता बाबांनी उभ्या जन्मात एकच केला होता. तो आता टेबलावर होता, आणि ज्याचा तो होता त्याला जाऊन उन्हाळा-पावसाळा उलटला होता. तिचा धाकटा भाऊ. काविळीनं गेला. शेवटी शेवटी त्याचे डोळे असे पिवळेजर्द झाले होते की तिच्या मनात, नको त्या वेळी, आलं होतं, हा रंग तेजाबाचा पहिला हात फिरवल्यावर येतो तो. मनाला लाज नसते.

बंदूक घरात ठेवता येणार नाही, परवाना त्याच्या नावाचा, तो माणसाबरोबर संपतो, हे तिला माहीत होतं. वहिनीला कधीतरी ती विकावी लागेल, हेही. पण कधीतरी हा एक दिवस असतो, त्याला सकाळ असते आणि त्या सकाळी आपण डबा टेबलाखाली सरकवत असतो, हे कुणी आधी सांगत नाही. तिनं फडकं सोडलं. दस्ता मेपलचा होता, रेषाळ, लाटा उठल्यासारखा. तो तिनं रंगवला तेव्हा तिचे केस काळे होते आणि कंबर दुखत नव्हती. उशीवरचं तेल गालानं चमकून गेलं होतं. बाकी सगळीकडे तांबूस तपकिरी, आणि उशीवर जरा काळपट, जशी उशी खरोखरच्या झोपणाऱ्यानं काळी होते. अभ्रा बदलायला हवा, असं तिला वाटलं, आणि त्या विनोदाला हसायला दुसरं कोणी नव्हतं. हसणारा एकच होता, त्याचाच गाल.

तो डावरा. घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे डावराच. खरं नाव हजेरीपुरतं. लहानपणी बाबा त्याचा डावा हात दोरीनं टेबलाच्या पायाला बांधत, म्हणजे जेवताना आणि अक्षर गिरवताना उजवाच वापरावा लागेल. तिच्याकडे राखणीचं काम. ती दोघांत मोठी, तिनं बसायचं आणि गाठ सुटत नाही ना बघायचं. त्याच्या उजव्या हातातला चमचा तोंडाच्या वाटेवर कुठंतरी भरकटायचा, दूध हनुवटीवरून गळ्यात, आणि बांधलेला डावा हात टेबलाखाली आपला आपण मुठी आवळायचा, सोडायचा, जसा आत कुणी दुसरंच मूल बसलं आहे. बाबा पाणी प्यायला उठले की ती गाठ सैल करी. आले की घट्ट. आमच्या घरात मुलांमध्ये डावं-उजवं कधी झालं नाही, असं बाबा चारचौघांत अभिमानानं सांगत, आणि ते एका अर्थी खोटं नव्हतं. डावं होतंच कुठं, ते बांधून ठेवलेलं होतं. पुढे मुलगी उजवायची राहून गेली, ते एक. दोन-तीन ठिकाणी बघायला आले, तिच्या बोटांवरचे तेजाबाचे पिवळे डाग बघून गेले. मुलगा उजवा झाला नाही आणि मुलगी उजवली नाही. बाबांना त्या एका शब्दानं दोन्हीकडून चकवलं. तिला कधी कधी वाटे, डावलणं हा शब्द ज्यानं पहिल्यांदा काढला तो त्यांच्याच घरी जेवायला बसला असणार.

तिनं कानस घेतली. मोठी, खडबडीत दातांची. दस्ता शिकंज्यात धरताना दोन्ही जबड्यांना तिनं चामडं लावलं, वळ उठू नयेत म्हणून, आणि मग तिलाच ते गमतीचं वाटलं, की ज्याचं अंग आता खरवडायचं त्याला वळ उठू नयेत. पहिल्या घासण्याला तेलकट भुगा पडला, काळपट. मग तांबूस. मग कोरा, फिकट, ब्रेडच्या आतल्या भागासारखा. घासता घासता तिला तो उंच माणूस आठवला, ज्याला ती आयुष्यात दोनदाच भेटली होती. ताडमाड, घोगऱ्या आवाजाचा, दारातून वाकून आत येणारा. डावखुरा होता. बाबांनी त्याचं माप घेतलं, कोपरापासून बोटापर्यंत, खांदा, मान. दुसऱ्याचा डावा हात त्यांना चालत असे. दस्ता झाला, तिनं रंग काढला, तेल दिलं, आणि तो माणूस परत आलाच नाही. मेला, गाव सोडलं, की नुसता विसरला, कोण जाणे. दस्ता खिळ्याला टांगून राहिला. मग एकदा डावरा नेमबाजीच्या क्लबात उसन्या बंदुकीनं पहिला आला आणि घरी येऊन दारात उभा राहिला, बक्षिसाचा पेला डाव्या हातात धरून. बाबांनी त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. मग खिळ्यावरून दस्ता काढला आणि म्हणाले, घे, तुझ्यासाठीच केलाय.

त्याचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते तिला आठवत नव्हतं. आठवत होते ते कान. लाल झालेले. त्या रात्री अंथरुणावरून त्यानं तिला विचारलं होतं, "ताई, बाबांनी माझं माप कधी घेतलं गं?" आणि ती म्हणाली होती, "तू झोपला होतास तेव्हा." इतक्या पटकन म्हणाली होती की तिला स्वतःलाच ते दिसलं, बाबा दिवा हातात धरून, पट्टी घेऊन, झोपलेल्या मुलाच्या डाव्या हाताशी वाकलेले. पुढे कैक वर्षं ती ते चित्र खऱ्या आठवणींच्या रांगेत ठेवत आली. फक्त एक गोष्ट त्या चित्रात बसत नव्हती. तो दस्ता त्याला लांब पडायचा. चांगला बोटभर लांब. नेम धरताना गाल उशीवर नीट न पडता मागच्या टोकाला पडे आणि तो मान पुढे ताणी, जसं कुंपणापलीकडचं काही बघायचं आहे. क्लबातले लोक म्हणत, डावऱ्याची ढब आहे ती, बगळ्यासारखी. ती ऐकून घेई. लांबी कापणं म्हणजे हातचं काम, टाचेकडून, खांद्याला टेकतं त्या टोकाकडून, एक चकती उतरवायची. पण मी कापून देते म्हणायचं, तर मूळ माप कुणाचं तेही सांगावं लागलं असतं.

"वन्सं," कुणीतरी दारातून म्हणालं. तिला अशी हाक मारणारं जगात एकच माणूस. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीनं थट्टेनं हा जुनाट शब्द उकरून काढला होता, आणि मग थट्टा गेली, शब्द राहिला. वहिनी वाळली होती. स्टुलावर बसली ती पिशवी मांडीवरच ठेवून, लगेच उठायचं असल्यासारखी. दुकानदारानं फोन करून सांगितलं, सही राहिलीये, म्हणून आले, असं तिनं दोनदा सांगितलं. मग म्हणाली, मी त्यांना बजावलं होतं, हा तुमच्याकडे देऊ नका, दुसरीकडे द्या.

"दुसरीकडे कोण आहे?"

वहिनीनं त्यावर हसल्यासारखं केलं. मग सांगू लागली, कानशीच्या आवाजावरून आपला आवाज चढवत, की दाराआड उभी असायची ती बंदूक, तिला ओलांडून केर काढायचा, रोज वाटायचं ते आलेत आणि बूट काढतायत. आता गिऱ्हाईक लागलंय, दातांचे डॉक्टर आहेत कुणी, त्यांना लाकूड फार आवडलं पण ही उशी आड येते म्हणाले; एवढं झालं की दार लावून बहिणीकडे जाईन राहायला. तिकडे काय, सगळे उजवे आहेत. हे शेवटचं वाक्य नेहमीच्या सुरात आलं आणि दोघी क्षणभर पूर्वीसारख्या झाल्या. वहिनीनं वाकून टेबलावरचा भुगा चिमटीत घेतला, बघितला, पुन्हा होता तिथं ठेवला.

"एक सांगू का? आता सांगायला काय हरकत आहे. हा त्यांच्यासाठी केलेला नव्हताच."

कानस थांबली.

"त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणायचे, हे कुणा ताडमाड माणसाचं माप आहे, खांद्याला लावलं की आंधळ्यालासुद्धा कळेल. मला बजावलं होतं, ताईला बोलू नकोस. तिला वाटतं मला माहीत नाही. म्हणायचे, ती म्हणाली होती झोपेत माप घेतलं. झोपेत माणूस लांब होत असेल एखादवेळी."

"मग कापून का नाही घेतला?" तिचा आवाज तिला चिडल्यासारखा ऐकू आला. "बोटभर तर काम. आयुष्यभर मान ताणत बसला. माझ्याकडे आणायचा होता, मी कापून दिला असता."

"मीही तेच म्हणायची. तर म्हणाले, कापला तर तिला कळेल."

वहिनी गेली. जाताना काहीतरी म्हणाली, जेवत जा म्हणाली असेल. ती पुन्हा घासू लागली, आता बारीक कानशीनं, मग काचपेपरानं, कारण हात रिकामे ठेवून बसण्याची तिला सवय नव्हती आणि ती लावायला हा दिवस बरा नव्हता. तिला वाटत आलं होतं की ती त्याला सांभाळते आहे. त्याला वाटत होतं तो तिला. मधल्या मध्ये एक मान ताणली जात होती. क्लबात, कधी घराच्या गच्चीवर रिकामी बंदूक खांद्याला लावून बघताना, ती कपडे वाळत घालायला गेली की मुद्दाम तिच्यासमोर, ताई, बघ कसा बसतो म्हणत. आणि ती म्हणे, झकास. आता तिला ते झकास आठवू लागलं, एकेक, ओळीनं, आणि प्रत्येक झकासच्या वेळी त्याचे डोळे तिच्याकडे होते की नेमाकडे, हे काही केल्या आठवेना. डावा डोळा उघडा असायचा. उजवा मिटलेला. मिटलेल्या डोळ्यानं माणूस काय बघतो?

उशी गेली. त्या जागी सपाट, गुळगुळीत, कोरं लाकूड राहिलं. मग तिनं बाकीच्या दस्त्यावरचा जुना रंगही खरवडून काढला, कारण नुसत्या ठिगळाला रंग दिला तर ठिगळच दिसतं. गरम पाण्याच्या फडक्यानं सगळा पुसला, त्यानं लाकडाची लव उभी राहते, थंडीत हातावर राहते तशी. ती वाळल्यावर पुन्हा घासून काढली. मग बाटली घेतली. तेजाब, त्यात लोखंड मुरवलेलं. हे पाणी ब्रशानं फिरवलं की लाकूड आधी आजारी दिसतं, हिरवट-पिवळं, मेल्यासारखं, आणि नवखा माणूस घाबरतो की बिघडलं. मग ते तापलेल्या शेगडीवर अंतर राखून फिरवायचं, आणि एका क्षणाला आतून तांबडं येतं, भरभर, शेवटापर्यंत. लाकूड लाजलं, असं बाबा म्हणत. माणसांच्या बाबतीत असले शब्द त्यांना सुचत नसत.

ती शेगडीवर दस्ता फिरवत होती. टाच लाजली, मूठ लाजली, पुढचा लांब भाग लाजत गेला, लाटा उठल्या. उजव्या अंगाला, जिथं उशी होती तिच्या मागच्या टोकाला, टाचेकडे ओघळलेला एक तळहाताएवढा भाग तसाच राहिला. फिकट, हिरवट. तिनं तो पुन्हा तापवला. पुन्हा तसाच. घाम आणि डोक्याचं तेल इतक्या वर्षांत उशीच्या पार खाली मुरलं होतं. तिथं तेजाब पोचतच नव्हता. पाणी कुठंतरी मुरतं म्हणतात ते असं. आकार गोल नव्हता. लांबट होता, पुढे सरकत गेल्यासारखा, जसा गाल मान ताणताना सरकतो. उशी त्या उंच माणसाची होती. हा डाग तेवढा डावऱ्याचा. आणि ती मान बाबांसाठी ताणलेली नव्हती, हे तिला आता माहीत होतं. तिला गाल टेकवावासा वाटला, डावा गाल, तिथंच; आपली मान किती ताणावी लागते ते बघावंसं वाटलं. पण तेजाबाचा जोर अजून मारला नव्हता, सोड्याचं पाणी फिरवायचं होतं, गाल पोळला असता. बाबांनी शिकवलेली सावधगिरी ऐन वेळी कधी दगा देत नाही, हाच तिचा दोष. तिनं दोन बोटं वर धरली, टेकवली नाहीत. ऊब येत होती. शेगडीची.

दुकानदार आत डोकावला. झालं का, डॉक्टर उद्या येतायत, म्हणाला, आणि मग त्याची नजर गेली. त्यानं चष्मा वर केला. हा डाग?

"तेल मुरलंय."

"जाईल ना? ते भारी चिकित्सक आहेत. नाही तर माघारी द्यावी लागेल वहिनींना."

"जाईल," ती म्हणाली. तोंडानंच म्हटलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी डाग दाखवायचा आणि तिनं जाईल म्हणायचं, त्या शब्दाला आत विचारून यायची सवयच नव्हती. दुकानदार गेल्यावर ती बसून राहिली. राहू दिला तर काय होईल, याचा विचार करून बघितला. डॉक्टर नको म्हणतील. बंदूक पुन्हा दाराआड जाईल, वहिनी तिला ओलांडून केर काढेल, बूट काढल्याचे आवाज ऐकत. आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलंच, तर एका परक्या माणसाच्या घरात तो डाग राहील आणि तो दोस्तांना सांगेल, इथं जरा काम फसलंय. दुःख दुःखाच्या जागी आणि काम कामाच्या जागी, असं ती पुढच्या दुकानातल्या पोरींना नेहमी सांगायची. आज दोघांची जागा एकच होती, तळहाताएवढी. तिनं स्पिरिटचं फडकं भिजवलं. पहिल्यांदा पुसलं तेव्हा फडक्यावर पिवळट तेल आलं. घडी बदलली. पुन्हा आलं, कमी. ती फडकी ठेवून घ्यावीत असं मनात येऊन गेलं, आणि मग स्पिरिटची फडकी कोण ठेवून घेतं, पेट घेतात, म्हणून तिनं ती पाण्याच्या बादलीत टाकली. फडकं कोरं येऊ लागलं. तेजाबाचा दुसरा हात फिरवला. लाकूड आजारी झालं. शेगडीशी नेताना तिनं चक्क मनातल्या मनात विनवलं, धरू नकोस, ह्या एका वेळी माझा हात खोटा पाड. आणि लाकूड लाजलं. आधी कडेनं, मग मध्यापर्यंत, मग लाट इकडून तिकडे सलग गेली, मध्ये कुठं न अडखळता. आयुष्यात तिच्या हातून इतका सुरेख रंग निघाला नव्हता. तिनं सोड्याचं पाणी फिरवलं, जरा फसफसलं, शांत झालं. मग जवसाचं तेल, तळव्यानं, पातळ, चोळून चोळून, रात्रीपुरतं झाकून ठेवून सकाळी पुन्हा.

दातांचे डॉक्टर ठेंगणे असतील अशी तिची का कोण जाणे समजूत होती. ते उंच निघाले. पुढच्या दुकानात लोखंड आणि लाकूड पुन्हा एक झालेलं होतं. त्यांनी बंदूक उचलली, खांद्याला लावली, उजव्या खांद्याला, डाव्या अंगावर गाल टेकवला आणि मान जिथल्या तिथं राहिली, जरासुद्धा ताणावी लागली नाही. माझ्यासाठीच केल्यासारखा आहे हो, म्हणाले. दुकानदार तिच्याकडे बघून हसला. मग डॉक्टरांनी बंदूक आडवी करून उजेडात धरली. अहो, दिवसभर लोकांच्या तोंडातले सांधे शोधतो मी, म्हणाले, रंग जुळवणं म्हणजे काय ते मला विचारा. अंगठ्याचं नख त्यांनी उजव्या अंगावरून सावकाश फिरवलं, टाचेपासून मुठीपर्यंत आणि परत. डोळे मिटून पुन्हा एकदा.

"हरलो," ते म्हणाले. "कुठं होती ती उशी?"

"दाखवा की बाई," दुकानदार कौतुकानं म्हणाला.

ती पुढे झाली. तिनं बोट ठेवलं. "इथं," ती म्हणाली, आणि लाकूड बोटाखाली सपाट होतं, गार होतं, आणि शेजारच्या लाकडासारखंच होतं. तिनं बोट जरा मागे सरकवलं, टाचेकडे. "नाही. इथं." डॉक्टर तोवर वळून दुकानदाराला बंदुकीच्या पिशवीबद्दल विचारू लागले होते, कापडी बरी की चामड्याची. दुकानदार कापडी म्हणाला, चामडं ओल धरतं. तिचं बोट अजून लाकडावर होतं. ते तिनं पुढे नेलं, थांबलं नाही, पुन्हा मागे आणलं.